सवलत परीक्षेची, गरज वर्गाची
माध्यमिक शाळेतील विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्यांना कायदा काय देतो आणि शाळेला काय करता येते?

दहावीचा भाषेचा पेपर तीन तासांचा असतो. मार्च महिन्यात अनेक परीक्षा केंद्रांवर एखादी खोली अशी असते, की शेवटची घंटा होऊन सर्व मुले घरी गेली तरी तेथील पेपर चालूच राहतो. तासाला वीस मिनिटे या हिशेबाने तीन तासांच्या पेपराला एक तास आणि दोन तासांच्या पेपराला चाळीस मिनिटे जादा मिळालेली ही मुले असतात. कुणाच्या शेजारी नववीतला लेखनिक बसलेला असतो, तर कुणासमोर मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका असते. विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षणव्यवस्था मदत करते म्हणजे काय करते, याचे सर्वसामान्य पालकाला दिसणारे चित्र एवढेच आहे.

हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. शाळेचे वर्षभराचे दोनशेहून अधिक दिवस एकीकडे आणि परीक्षेचे हे सात-आठ दिवस दुसरीकडे, असा हा मामला आहे. जादा मिळालेल्या तासात मूल तेच लिहू शकते, जे त्याला आधी शिकवले गेले आहे. माध्यमिक शाळांमध्ये नेमकी येथेच गल्लत होते. सवलतीचा अर्ज वेळेवर भरला की शाळेचे कर्तव्य संपले, असे मानले जाते आणि पालकही दाखला हाती पडला की सुटकेचा नि:श्वास टाकतात.

सात प्रकारांवरून एकवीस प्रकारांवर

'विशेष गरजा असणारे विद्यार्थी' या शब्दांत कोण कोण येते, याबद्दल अजूनही गोंधळ आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. अंधत्व, क्षीण दृष्टी, श्रवणदोष, हालचालींतील अपंगत्व, मतिमंदत्व, मानसिक आजार आणि बरा झालेला कुष्ठरोग. वाचन-लेखन-गणितातील विशिष्ट अडचण, म्हणजे अध्ययन अक्षमता, त्यात नव्हती. तरीही महाराष्ट्राने १९९६ मध्येच अशा मुलांना शालेय परीक्षांत सवलती देण्यास सुरुवात केली होती, ही गोष्ट राज्याच्या खाती जमा करायला हवी. 'तारे जमीं पर' हा चित्रपट त्यानंतर अकरा वर्षांनी, २००७ च्या डिसेंबरमध्ये आला आणि 'डिस्लेक्सिया' हा शब्द घराघरांत पोहोचला.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने ही यादी एकवीस प्रकारांपर्यंत वाढवली. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांना त्यात प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. या कायद्याच्या कलम १६ नुसार शासनाने अनुदान दिलेल्या वा मान्यता दिलेल्या सर्व शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, इमारत व सुविधा वापरण्याजोग्या ठेवायच्या आहेत आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन करायचे आहे. यातील 'मान्यता दिलेल्या' हे शब्द महत्त्वाचे. विनाअनुदानित शाळेलाही हात झटकता येत नाहीत.

तरीही काही मुले कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. लक्ष एकाग्र न होणे व अतिचंचलता हा प्रकार एकवीस प्रकारांत स्वतंत्रपणे नोंदलेला नाही. त्याहून बिकट स्थिती सीमारेषेवरील बुद्ध्यांक असणाऱ्या मुलांची आहे. बौद्धिक अक्षमतेच्या दाखल्यासाठी साधारणपणे सत्तरच्या खालचा बुद्ध्यांक पाहिला जातो, तर अध्ययन अक्षमतेसाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेल्या पद्धतीत तो ८५ च्या वर अपेक्षित होता. या दोन आकड्यांच्या मधले मूल वर्गात सर्वाधिक मागे पडते आणि त्याच्या हाती कागद मात्र एकही नसतो. अशा मुलाला मदत करायची की नाही, हे सर्वस्वी शाळेच्या मर्जीवर राहते.

नववी हा अडथळा का ठरतो?

शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षे वयापर्यंतचे, म्हणजे आठवीपर्यंतचे आहे. आठवीपर्यंत नापास न करण्याचे या कायद्यातील मूळ धोरण होते. २०१९ मध्ये त्यात बदल करण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षांची तरतूद केली. तोपर्यंतच्या दीर्घ काळात अनेक मुले वाचनाची अडचण तशीच घेऊन नववीत पोहोचली. नववी ही पहिली अशी इयत्ता होती, जिथे ती अडचण निकालपत्रात लाल शाईने दिसू लागली. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून काही शाळा नववीतच चाळणी लावतात, हे शिक्षणक्षेत्रातील उघड गुपित आहे. त्या चाळणीत अडकणाऱ्यांत ही मुले हमखास असतात.

२०१६ च्या कायद्याने ही तफावत काही अंशी भरून काढली आहे. चाळीस टक्के वा अधिक अक्षमता असणाऱ्या मुलाला कलम ३१ नुसार सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे चौदाव्या वर्षी तुटणारा धागा येथे पुढे नेलेला आहे. अनेक पालकांना या कलमाची कल्पनाच नसते.

कायद्यापलीकडेही नववीत बरेच काही बदलते. प्राथमिक शाळेत एकच वर्गशिक्षिका दिवसभर मुलासोबत असते आणि त्याच्या खोडी, त्याच्या खुबी तिला ठाऊक असतात. माध्यमिक शाळेत तासागणिक शिक्षक बदलतात. प्रत्येकाच्या हाती पस्तीस-चाळीस मिनिटे, समोर पन्नास-साठ मुले आणि डोक्यावर अभ्यासक्रम पूर्ण करण्याची टांगती तलवार. विज्ञानाच्या शिक्षकाला जे कळले, ते इतिहासाच्या शिक्षकापर्यंत पोहोचत नाही. फळ्यावरचे उतरवून घेण्याचा वेग वाढतो, टिपणे तोंडी सांगितली जातात आणि हळू लिहिणाऱ्या मुलाची वही तिसऱ्या ओळीवरच थांबते. मग तो 'आळशी' ठरतो. हा शिक्का दाखल्याच्या कितीतरी आधी बसलेला असतो.

मराठी मुलाची अडचण इंग्रजी पुस्तकात वर्णन केलेल्या अडचणीपेक्षा थोडी वेगळी असते, हेही लक्षात घ्यायला हवे. इंग्रजीत 'बी' आणि 'डी'ची अदलाबदल सांगितली जाते. देवनागरीत घ-ध, भ-म, थ-य, ब-व अशा जोड्या त्रास देतात. काना, मात्रा, वेलांटी अक्षराच्या चारही बाजूंना लागतात. पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण लिहिताना आधी दिसते. जोडाक्षरे तर वेगळाच विषय. त्यात भर म्हणजे मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच, पण ऱ्हस्व-दीर्घाचे नियम निराळे. 'कवी' मराठीत दीर्घ, हिंदीत 'कवि' ऱ्हस्व. तीन भाषा, दोन लिप्या आणि शुद्धलेखनाच्या तीन तऱ्हा एकाच वेळी सांभाळताना जे मूल आधीच अडखळते आहे, त्याची दमछाक होणे स्वाभाविक आहे. कायद्याच्या कलम १७ मध्ये दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, तो याचसाठी.

दाखला कधी काढावा?

अध्ययन अक्षमतेचा दाखला हा एका भेटीत मिळणारा कागद नव्हे. आधी शाळेचा अहवाल, मग बालरोगतज्ज्ञांकडून शारीरिक तपासणी आणि दृष्टी व श्रवण यांची खात्री, त्यानंतर मानसशास्त्रज्ञांकडून बुद्ध्यांक चाचणी आणि शेवटी वाचन, लेखन, गणित यांच्या चाचण्या, असा हा क्रम असतो. या शेवटच्या टप्प्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच देशभर वापरला जातो. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर आणि केईएम या पालिका रुग्णालयांतील केंद्रे पालकांच्या परिचयाची आहेत. तेथे तारखांसाठी थांबावे लागते, ही तक्रार जुनी आहे. खासगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल उपचारासाठी उपयोगी पडतो. परीक्षा मंडळापुढे मात्र सक्षम शासकीय यंत्रणेचाच दाखला लागतो. हा फरक न कळल्याने खासगी चाचण्यांवर खर्च करून पुन्हा रांगेत उभे राहणारे पालक कमी नाहीत.

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत तिसरी इयत्ता किंवा आठ वर्षे वय, यांपैकी जे आधी येईल तेव्हा शाळेने पहिली छाननी करावी, असे म्हटले होते. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी ठेवली होती. चौदावे वर्ष म्हणजे आठवी-नववी. पाचवीत काढलेला दाखला दहावीला चालेल, असे गृहीत धरणाऱ्यांची ऐनवेळी धावपळ होते ती यामुळे. आठवीच्या दिवाळीपर्यंत कागदपत्रांची पडताळणी सुरू झाली, तर नववीच्या घटक चाचण्यांपासून सवलती वापरून पाहता येतात. दहावीच्या ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली, तर सवलत कशीबशी पदरात पडते; ती वापरायची कशी, हे मात्र मुलाला शिकायला वेळ उरत नाही.

दाखला काढायला पालकच तयार नसतात, अशीही प्रकरणे शाळांत येतात. 'शिक्का बसेल', 'पुढे लग्नात अडचण येईल' ही भीती खरी असते. ती हसण्यावारी नेऊन चालत नाही. अशा वेळी मुख्याध्यापकांनी पालकांना एकटे बोलावून, माहितीची गोपनीयता कशी राखली जाईल हे आधी सांगावे. वर्गासमोर 'तुला सवलत आहे ना' असे म्हणणारा एक शिक्षक महिनाभराच्या समुपदेशनावर पाणी फिरवतो.

गणित सोडण्यापूर्वी

लेखनिक, जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणे, एका भाषेऐवजी कार्यशिक्षणाचा विषय, दृष्टिहीनांना आकृत्या व नकाशांतून सूट, गणिती अक्षमता असणाऱ्यांना साधा कॅल्क्युलेटर अशा सवलतींची यादी मोठी आहे आणि प्रत्येक प्रकारच्या अक्षमतेला त्यातील वेगवेगळ्या सवलती लागू होतात. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. पालकांनी परस्पर करण्याची ही गोष्ट नाही. राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळे आहेत आणि शाळा ज्या विभागात येते, तेथूनच मंजुरी येते.

यातील एका सवलतीबद्दल मात्र सावध राहणे आवश्यक आहे. बीजगणित व भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि त्यासोबत कार्यशिक्षणाचा विषय, असा पर्याय राज्याच्या सवलतींत राहिला आहे. ज्या मुलाला संख्यांचीच खरी अडचण आहे, त्याच्यासाठी तो वरदान आहे. पण ज्याची अडचण वाचनाची आहे, शाब्दिक उदाहरण वाचता न आल्याने जो गणितात मागे पडतो, त्यालाही 'टक्का वाढेल' म्हणून हा पर्याय सुचवला जातो. टक्का वाढतोही. मात्र दहावीला पूर्ण गणित नसलेल्या विद्यार्थ्याला पुढे विज्ञान शाखा आणि अभियांत्रिकी पदविका यांची दारे बंद होतात. यंत्रे खोलून जोडण्यात रमणारा मुलगा केवळ एका अर्जावरील खुणेमुळे पदविकेला मुकावा, हे नुकसान कोणत्याही निकालपत्रात दिसत नाही. अशा मुलाला उदाहरण वाचून दाखवणारा लेखनिक आणि जादा वेळ पुरेसा ठरू शकतो. निर्णय नववीच्या सुरुवातीला, मुलाला समोर बसवून, त्याला काय व्हायचे आहे हे विचारून घ्यावा. शाळेच्या सरासरी निकालाचा विचार येथे आणू नये.

लेखनिकाला सांगणे ही वेगळी विद्या

लेखनिक मिळाला म्हणजे काम झाले, हा आणखी एक गैरसमज. स्वत: लिहिणे आणि दुसऱ्याला सांगून लिहून घेणे या दोन भिन्न क्रिया आहेत. सांगताना वाक्य आधी मनात पूर्ण करावे लागते, मागे काय लिहून झाले हे लक्षात ठेवावे लागते, समीकरण तोंडी सांगताना कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला हेही बोलावे लागते. भूमितीत तर 'बिंदू क मधून रेषा अब ला लंब काढ' हे इतक्या नेमकेपणाने सांगावे लागते, की चांगल्या मुलाचीही परीक्षा व्हावी. लेखनिक खालच्या इयत्तेतील असल्याने त्याला त्या विषयातील संज्ञा परिचित नसतात. प्रकाशाचे 'अपवर्तन' सांगितले आणि त्याने 'परावर्तन' लिहिले, तर दोष कुणाचा?

यावर उपाय सरावाचाच. नववीच्या पहिल्या घटक चाचणीपासून लेखनिक द्यावा, शक्यतो तोच लेखनिक दहावीपर्यंत राहील असे पाहावे आणि सहामाहीनंतर दोघांनी मिळून लिहिलेली उत्तरपत्रिका शिक्षकांनी त्यांच्यासमोर तपासावी. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत लेखनिकासाठी पालकांची वणवण सुरू होते, कारण नववीतील मुलांच्या पालकांना आपल्या मुलाचा अभ्यास बुडेल अशी धास्ती असते. शाळेने जूनमध्येच इच्छुक मुलांची यादी करून ठेवली, तर ही वणवण टळते. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

लेखनिकाच्या हक्कावर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात दिलेला निकाल पालकांनी माहीत करून घ्यावा. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्क्यांची अट पूर्ण होत नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने चाळीस टक्क्यांहून कमी अक्षमता असणाऱ्यांसाठीही लेखनिकाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्याआधी, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, लेखन अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला 'नीट' परीक्षेत हक्काचा जादा तास मिळाला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेची चूक मान्य केली; पुन्हा परीक्षा मात्र मिळाली नाही. केंद्रावरील पर्यवेक्षकाला नियम ठाऊक नसणे किती महाग पडते, त्याचे हे उदाहरण.

वर्गात काय बदलता येईल?

खर्चिक साधनांशिवाय होणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. कमी ऐकू येणारा विद्यार्थी शिक्षकाच्या ओठांकडे पाहून समजून घेतो. फळ्याकडे तोंड करून बोलणारा शिक्षक त्याच्यासाठी मुका असतो. त्याला दुसऱ्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवले तर शिक्षकाच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. क्षीण दृष्टीच्या मुलासाठी फळ्यावरचे लिहिताना ते मोठ्याने वाचत जाणे पुरते. स्वमग्न विद्यार्थ्याला अचानक बदललेले वेळापत्रक आणि मधल्या सुट्टीचा गोंगाट असह्य होतो; सकाळी परिपाठाच्या वेळी दिवसभरातील बदल त्याला सांगून ठेवले, तर निम्मे प्रसंग टळतात. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्यासाठी प्रवेशद्वारी उतार बांधून फोटो काढले जातात आणि प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, स्वच्छतागृहाला पायऱ्या, अशी अवस्था राहते. त्या मुलाचा संपूर्ण वर्ग तळमजल्यावर आणणे हा मुख्याध्यापकांच्या अखत्यारीतील निर्णय आहे.

अध्ययन अक्षम मुलाला फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी छापील टिपण द्यावे, वर्गात अचानक मोठ्याने वाचायला लावू नये, गृहपाठाची दहा उदाहरणे असतील तर त्यातील चार निवडून द्यावीत. दहावीच्या भाषा विषयांत वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. तोंडी उत्तरांत ही मुले अनेकदा उजवी ठरतात आणि तेथे ती संधी त्यांना मिळायला हवी.

हे सारे शिक्षकांना सांगणार कोण? त्यासाठी शाळेत विशेष शिक्षक हवा. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असावी लागते. एका विशेष शिक्षकामागे प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा विद्यार्थी, असे प्रमाण रजनीश कुमार पांडे प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या निकालानंतर केंद्राने ठरवले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना अशी पदे मंजूर करून भरण्याचा आदेश दिला. वर्षानुवर्षे कंत्राटी पद्धतीने, अनेक शाळांमध्ये फिरत काम करणाऱ्या विशेष शिक्षकांच्या वाट्याला एका मुलासाठी आठवड्यात जेमतेम काही मिनिटे येतात. फिरता शिक्षक मुलाला शिकवण्यापेक्षा विषयशिक्षकांना शिकवू लागला, तर त्याच मिनिटांचा उपयोग अधिक होईल. पण त्याला शिक्षक कक्षात बसवून ऐकून घेण्याची पद्धत फार थोड्या शाळांत आहे.

निधीची तरतूद नाही असेही नाही. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला साडेतीन हजार रुपयांची तरतूद आणि मुलींसाठी दरमहा दोनशे रुपयांचा दहा महिन्यांचा विद्यावेतन भत्ता बारावीपर्यंत ठेवण्यात आला. शाळेने विद्यार्थ्याची नोंदच केली नाही, तर हे पैसे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पालकांनी शाळेच्या नोंदीत आपल्या मुलाचा प्रकार अचूक लिहिला आहे ना, हे वर्षारंभी पाहून घ्यावे. प्रवेश नाकारला गेला किंवा सवलत डावलली गेली, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे.

नियमित शाळेचा वेग झेपतच नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्थेचा किंवा राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचा मार्ग आहे. विषय निवडण्याची आणि टप्प्याटप्प्याने परीक्षा देण्याची मुभा ही त्याची जमेची बाजू. मात्र शाळेनेच 'निकाल बिघडेल' म्हणून मुलाला तिकडे ढकलणे आणि कुटुंबाने विचारपूर्वक तो मार्ग निवडणे यांत फरक आहे. शाळेने तोंडी दिलेला असा सल्ला पालकांनी लेखी मागावा. बहुतेक वेळा तो लेखी मिळत नाही.

दहावी झाल्यावरही कागदपत्रांची फाइल माळ्यावर टाकू नये. अकरावीला महाविद्यालय नवे, शिक्षक नवे, आणि तेथे मुलाची कोणतीही जुनी नोंद आपोआप जात नाही. मूळ दाखला, विभागीय मंडळाचे मंजुरीपत्र आणि नववी-दहावीत कोणती सवलत उपयोगी पडली याचे शाळेचे एक पानी टिपण, या तीन गोष्टी प्रवेशाच्या दिवशीच कनिष्ठ महाविद्यालयाच्या हाती द्याव्यात.